शिक्क्याची भिस्त आणि खानापूरचा तेलगी

अब्दुल करीम तेलगीची गोष्ट सांगायला कोणीही बसले की ती खानापूरच्या रेल्वे फलाटावरूनच सुरू होते. बाप रेल्वेत साध्या नोकरीवर, तो लवकर वारला. पोरगा गाडीत फळे, भाजी, शेंगा विकत शिकला, सौदीला गेला, काही वर्षांनी परत आला, मुंबईत बनावट कागदपत्रांच्या धंद्यात शिरला आणि पुढे हजारो कोटींच्या मुद्रांक घोटाळ्याचा सूत्रधार म्हणून देशभर गाजला. २०२३ मध्ये आलेल्या ‘स्कॅम २००३’ या मालिकेनेही हीच चढण धरली. ही चढण बघायला रंजक आहे, पण इतिहास म्हणून ती आपल्याला चकवते. तिच्यामुळे सगळा प्रकार एका माणसाच्या विलक्षण डोक्याचा ठरतो आणि ज्या कागदावर तो उभा राहिला त्या कागदाकडे कोणी पाहतच नाही. तेलगी शेवटपर्यंत भुरटाच राहिला, असे माझे म्हणणे आहे. त्याच्या युक्त्या छोट्या होत्या, बाजारातल्या कोणत्याही दलालाला ठाऊक असलेल्या होत्या. प्रचंड होती ती मुद्रांक कागदाच्या व्यवस्थेतली पोकळी. ती तयार व्हायला दीड-पावणेदोन शतके लागली, आणि तिच्या घडणीचे पुरावे तेलगी ज्या मुलखातून आला त्या बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पट्ट्यातच नीट सापडतात.

भुरट्या ठगाची मर्यादा काय असते, हे १९५० च्या ‘नाइट अँड द सिटी’ या लंडनमध्ये चित्रित झालेल्या गुन्हेपटात फार नेमके दिसते. ज्यूल्स डॅसिनने दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात रिचर्ड विडमार्कने हॅरी फॅबियन नावाचा फुटकळ फसव्या उभा केला आहे. शहरातल्या कुस्तीच्या धंद्यावर ताबा मिळवायचा, एकदाचे मोठे व्हायचे, एवढीच त्याची आस. एका जुन्या नामांकित मल्लाला गोड बोलून तो आपल्याकडे ओढतो, पैसे एकाकडून उचलतो, वचन दुसऱ्याला देतो, आणि अखेर सगळे लंडन त्याच्या मागे लागते. फॅबियन बुडतो तो बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे. त्याची फसवणूक समोरासमोरची आहे. ज्याला फसवायचे त्याच्यासमोर त्याला स्वतः उभे राहावे लागते, बोलावे लागते, चेहरा दाखवावा लागतो. फसलेली माणसे एकमेकांना ओळखतात, एकमेकांशी बोलतात, आणि त्या बोलण्यातच त्याचा खेळ संपतो. समोरासमोरच्या ठगीला लागलेला हा लगाम तेलगीला लागला नाही. त्याचा कागद घेणाऱ्या विमा कंपनीच्या कारकुनाने त्याला कधी पाहिले नव्हते आणि पाहण्याची गरजही नव्हती. कारकुनाने पाहिले ते कागदावरचे सिंहमुद्रेचे चित्र. विश्वास माणसावरून उठून चित्रावर कधी आणि कसा गेला, हा खरा प्रश्न आहे.

मराठेशाहीत या मुलखात वतनाचा किंवा जमिनीचा वाद उभा राहिला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. महजरावर पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार यांची नावे पडत. लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी काढी, इतर लोक आपापल्या हत्याराची. त्या कागदाचे वजन कागदात नव्हतेच, ते त्या दिवशी तिथे बसलेल्या माणसांत होते. पुढे कोणी महजर खोटा म्हटला तर त्यातले जिवंत साक्षीदार, नाहीतर त्यांची मुले-नातवंडे बोलावता येत. ही व्यवस्था निर्मळ होती असे कोणी समजू नये. बनावट सनदा, जुन्या शिक्क्यांच्या नकला, दुष्काळात कागदपत्रे गहाळ झाल्याच्या सोयीस्कर कहाण्या यांनी त्या काळची दप्तरे भरलेली आहेत, आणि सत्य ठरवण्यासाठी दिव्य करायला लावण्याइतपत लोक हतबल होत. शिवाय गोतात ज्याचे वजन जास्त त्याच्या बाजूने साक्ष झुके, हेही उघड आहे. पण एक गोष्ट मात्र होती. खोटा महजर पचवायचा तर अख्ख्या गावाला विकत घ्यावे लागे, आणि तो दुसऱ्या गावात चालवता येत नसे. फसवणूक होती, तिला घाऊक बाजार नव्हता.

कंपनी सरकार आले आणि कागदाकडे बघण्याची नजर बदलली. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. त्यानंतर सहा वर्षांतच कित्तूरला जे घडले त्याच्या मुळाशी एक पत्र होते. देसाई शिवलिंगरुद्रसर्ज वारले आणि त्यांनी दत्तक घेतल्याचे पत्र धारवाडचा कलेक्टर थॅकरे याच्याकडे पोचले. थॅकरेला ते संशयास्पद वाटले. देसाई गेल्यानंतर ते तयार झाले असावे, असे त्याचे मत झाले. दत्तक नामंजूर, खजिन्यावर पहारा, आणि ऑक्टोबर १८२४ मध्ये राणी चन्नम्माच्या फौजेने दिलेल्या झुंजीत थॅकरे मारला गेला. राणीच्या पराक्रमाने हा प्रसंग लोकांच्या मनात अमर झाला. इथे मात्र त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची आहे. संस्थानातल्या माणसांना दत्तक खरा होता, कारण तो त्यांच्यासमोर झाला होता किंवा त्यांनी तो मान्य केला होता. कलेक्टरच्या दृष्टीने आधी कागद खरा ठरायला हवा होता. पुढे इनाम चौकशीने हाच निकष घरोघर नेला. दक्षिण मराठा मुलखात सुरू झालेल्या या चौकशीला १८५२ च्या कायद्याने पुरते अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट पुरेशी नाही, सनद दाखवा, असा हुकूम झाला. हजारो इनामे गेली. त्यांतली काही खरोखरच बनावट कागदांवर उभी होती, हेही मान्य करायला हवे. चौकशी अन्यायाची होती म्हणून प्रत्येक इनामदार खरा होता, असे होत नाही.

जुन्या कागदांवर सरकारचा भरवसा नव्हता आणि गोतसभेवर तर मुळीच नव्हता. मग नवे दस्त कशावर करायचे? सरकारच्याच कागदावर. मुद्रांकाचा कर बंगालमध्ये १७९७ साली आला, मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायदेसंहितेने त्याला पक्के रूप दिले, आणि आजही ज्याचा आधार घेतला जातो तो भारतीय मुद्रांक कायदा १८९९ चा आहे. या कायद्याचा हेतू मुळात महसुलाचा होता आणि आहे. शिक्का नसलेला दस्त कायद्याच्या पस्तिसाव्या कलमानुसार रद्द होत नाही, फक्त पुराव्यात घेतला जात नाही. बुडवलेले शुल्क आणि त्यावर दहापटीपर्यंत दंड भरला की तोच दस्त न्यायालयात चालतो. दस्तातला मजकूर खरा आहे, सही करणारा खरा आहे, जमीन त्याचीच आहे, असे मुद्रांक कागद कुठेही म्हणत नाही. सरकारला पैसे पोचले, एवढेच तो म्हणतो. लोकांनी मात्र त्यातून दुसराच अर्थ घेतला. बाँडवर लिहिले म्हणजे पक्के, ही समजूत बेळगावपासून नागपूरपर्यंत सारखी आहे. पैशाची पावती प्रामाणिकपणाचा दाखला बनली आणि सरकारनेही तिला कधी खोडून काढले नाही, कारण त्या समजुतीमुळे कागदाचा खप वाढत होता.

सीमाभागाला या कागदाचा आणखी एक गुण फार पूर्वीपासून ठाऊक होता. त्याचा खरेपणा हद्दीबरोबर बदलतो. बेळगाव शहर ब्रिटिश मुलखात होते आणि त्याला लागूनच असलेले शहापूर सांगली संस्थानात. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत गेले की सरकार बदले आणि दस्तावर लावायचा शिक्काही बदले. कागल कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छायेत, निपाणी १८३९ पासून इंग्रजांकडे. संस्थाने विलीन झाली तेव्हा हा घोळ मिटायला हवा होता. मिटला तो जेमतेम सात-आठ वर्षे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले, म्हैसूरने १९५७ मध्ये आपला मुद्रांक कायदा केला आणि मुंबई राज्याने १९५८ मध्ये आपला. सीमावादावरच्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे असे सुचवले, बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, आणि त्यातले काहीच अमलात आले नाही. त्यामुळे कोगनोळीच्या अलीकडे सातबारा आणि महाराष्ट्राचा मुद्रांक, पलीकडे आरटीसीचा उतारा आणि कर्नाटकाचा मुद्रांक. दोन्हीकडची घरे एकमेकांत सोयरिकीने बांधलेली, शेते एकमेकांच्या बांधाला लागलेली, आणि वाटणीपत्र करायचे तर दोन कायदे. शिक्का हा सत्याचा नसून हद्दीचा विषय आहे, हे इथल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. मौज अशी की दोन्ही राज्यांचा कागद बरीच वर्षे छापला जात होता एकाच ठिकाणी, नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. हा छापखाना १९२५ मध्ये उभा राहिला. त्याआधी तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून येत.

इथे कोणी विचारेल की खोट्या नोटाही छापल्या जातात, मग मुद्रांक कागदात वेगळे काय? वेगळे पुष्कळ आहे. नोट फिरत असते. दुकानदार, भाजीवाली, बँकेचा रोखपाल असे शेकडो हात तिला लागतात, आणि कुठेतरी एक हात तिला उजेडात धरतो. मुद्रांक कागद एकदाच वापरला जातो. त्यावर मजकूर टंकला, सह्या झाल्या की तो फायलीत जाऊन पडतो, आणि वाद उद्भवला तरच पुन्हा उजेड पाहतो. बहुतेक दस्तांवर वाद उद्भवतच नाहीत. नोटा काढणाऱ्या रिझर्व्ह बँकेला त्या परत आल्या की मोजता येतात. मुद्रांक कागद सरकारकडे परत येत नाही, त्यामुळे विकले किती आणि वापरले किती याचा मेळ घालायला जागाच नाही. मधला माणूस म्हणजे परवानाधारक मुद्रांक विक्रेता. तो कोषागारातून कागद आणतो, पाठीमागे खरेदीदाराचे नाव आणि क्रमांक घालतो, आपल्या नोंदवहीत उतरवतो आणि किरकोळ कमिशनवर पोट भरतो. कचेरीच्या आवारातल्या झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या या माणसाच्या हाती राज्याच्या उत्पन्नाचे एक मोठे दार होते. त्यात मार्च अखेरीला कागदाचा तुटवडा ठरलेला. शंभरचा कागद हवा असलेल्या माणसाला तो मिळेल तिथून आणि मिळेल त्या भावाने घ्यायची सवय लागली होती.

तेलगी या दारापर्यंत कसा आला ते पाहिले तर त्यात प्रतिभा शोधावी लागते. आखाती देशांत मजूर पाठवण्याच्या धंद्यात तो बनावट कागद तयार करी. ज्यांचे पासपोर्ट अडतील अशांना विमानतळातून पार करण्याला त्या धंद्यात ‘पुशिंग’ म्हणत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यात तो पकडला गेला, तुरुंगात मुद्रांकाच्या व्यापारातल्या माणसाशी ओळख झाली, आणि १९९४ च्या सुमारास त्याने मुद्रांक विक्रीचा रीतसर परवाना मिळवला. इथपर्यंतचे सगळे फॅबियनच्या जातीचे आहे. पुढे त्याने मुंबईच्या फोर्ट भागात छापखाना टाकला. नाशिकच्या प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रे त्याच्यापर्यंत पोचल्याचे आणि तुटवडा मुद्दाम घडवून आणल्याचे आरोप तपासात पुढे आले. विक्रीची पद्धत मात्र घाऊक किराणा व्यापाऱ्याचीच होती. शेकडो दलाल, मोठ्या गिऱ्हाइकाला सूट, वेळेवर माल. त्याचे गिऱ्हाईक झाडाखाली येणारा शेतकरी नव्हता. ते होते विमा कंपन्या, बँका, शेअर दलाल. विमा पॉलिसी आणि शेअर हस्तांतरणावरच्या शुल्काचे दर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार केंद्र ठरवते आणि पैसा तेव्हा गोळा करत असे राज्य. दर एकाचा, वसुली दुसऱ्याची, छपाई तिसऱ्या ठिकाणी. शेअर कागदी होते त्या काळात प्रत्येक हस्तांतरण अर्जावर तिकिटे चिकटवावी लागत, आणि ते अर्ज कोणत्याही न्यायालयात किंवा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जात नसत. लाखो कागद, आणि तपासणारा कोणी नाही. अशी जागा सापडायला महाबुद्धी लागत नाही, काही दिवस मुद्रांक विक्रेता म्हणून काम केलेले पुरते.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप भ्रष्टाचाराचा आहे. पोलीस, अधिकारी, राजकारणी यांचे हात ओले केले नसते तर हे चालले असते का? नसते, निदान इतकी वर्षे नसते. २००० मध्ये बंगळुरूत बनावट मुद्रांकांचा साठा पकडला गेला, नोव्हेंबर २००१ मध्ये तेलगीला अजमेरला अटक झाली, २००२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि मग तपास करणाऱ्यांचाच तपास करावा लागला. हे सगळे खरे आहे. पण लाच एवढेच सांगते की चोरी उघड व्हायला वेळ का लागला. माल खपला का, हे ती सांगत नाही. पोलिसाला पैसे देऊन कोणी खोटे तांदूळ विकू शकत नाही, कारण घरी नेऊन शिजवले की कळते. खोटा मुद्रांक खऱ्यासारखाच काम करत होता. पॉलिसी वैध राहिली, शेअर नावावर झाले, खरेदीदाराचे काहीही अडले नाही. फसला तो एकटा कोषागार, आणि कोषागाराला ते कळायला काही साधन नव्हते. सवलतीत सरकारी मुद्रांक कसा मिळतो, हा प्रश्न मोठ्या कंपन्यांनी विचारला नाही, याचा दोष भ्रष्ट पोलिसाच्या माथी मारता येत नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे. सीमाभाग हाच मुळी दोन राज्यांच्या फटीतला, इथे असली माणसे निपजायचीच, असे म्हणणारे लोक दोन्ही राजधान्यांत भेटतात. हे म्हणणे आळशीपणाचे आहे. तेलगीचा गुन्हा खानापुरात घडला नाही, मुंबईत घडला, आणि तिथून देशभर पसरला. खानापूर तालुका ओळखला जातो तो कौले, मातीची भांडी, जंगल आणि दुधासाठी. लोंढ्याकडून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाने आणि चार भाषांच्या सहवासाने त्या मुलाला जग दिसले असेल, एवढे फार तर म्हणता येईल. तोच रेल्वेमार्ग आणि त्याच भाषा घेऊन याच भागातून शिक्षक, सैनिक, गायक निघाले आहेत. मी सीमाभागाचा दाखला देतो तो गुन्हेगाराच्या जन्मभूमीचा म्हणून नाही. कागदावरचा शिक्का हा सरकारचा स्वतःशी केलेला करार आहे, त्याचा माणसांतल्या खरेपणाशी संबंध नाही, हे दोनशे वर्षांत जिथे सगळ्यात स्पष्टपणे दिसून आले ती ही जागा आहे, म्हणून.

आणि आकड्याचे काय? तीस हजार कोटी हा आकडा वर्तमानपत्रांनी इतक्यांदा छापला की तोच पुरावा बनला. पण ज्या कागदाच्या विक्रीचा मेळच लागत नाही, त्याच्या खोट्या विक्रीचा अचूक आकडा कोण काढणार? छापलेल्या मालाची दर्शनी किंमत, प्रत्यक्ष विक्री, सवलत वजा जाता हाती आलेली रक्कम आणि राज्यांचे बुडालेले उत्पन्न या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे एकच गाठोडे बांधले की ठग राक्षसाएवढा दिसू लागतो. न्यायालयाने २००६ मध्ये त्याला तीस वर्षांची आणि २००७ मध्ये आणखी तेरा वर्षांची सक्तमजुरी दिली. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी बंगळुरूच्या रुग्णालयात तो कैदी म्हणून वारला आणि खानापूरला त्याचे दफन झाले. वर्षभराने, डिसेंबर २०१८ मध्ये, नाशिकच्या न्यायालयाने मुद्रांकांच्या एका खटल्यात पुराव्याअभावी मृत तेलगीसह सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवले. म्हणून तो निरपराध होता असे नाही, इतर खटल्यांतले दोष सिद्धच आहेत. पण नाशिकहून माल बाहेर कसा गेला, हा व्यवस्थेच्या गाभ्यातला प्रश्न न्यायालयातही उलगडला नाही.

व्यवस्थेने यातून काय घेतले, हे पुन्हा निपाणी आणि कागल शेजारी ठेवून पाहता येते. कर्नाटकाने छापील मुद्रांक मोडीत काढला आणि २००८ पासून स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनमार्फत ई-मुद्रांक सुरू केला. मग निपाणीत सौहार्द सहकारी संस्थेच्या खिडकीवर संगणकातून छापलेला, क्रमांक आणि दोन्ही पक्षांची नावे असलेला कागद मिळू लागला. महाराष्ट्राने मोठ्या रकमांसाठी ऑनलाइन भरणा आणला, पण प्रतिज्ञापत्रे, करारनामे यांसाठी नाशिकचा कागद चालूच ठेवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथले किमान शुल्क शंभरावरून पाचशे रुपये झाले आणि कागलच्या विक्रेत्याकडचा शंभरचा एक बाँड एका दिवसात अपुरा ठरला. ई-मुद्रांकाचा फायदा निर्विवाद आहे, कारण आता सरकारला विक्रीची बेरीज लागते. ज्या कोषागाराला तेलगीने फसवले त्याचे डोळे उघडले. ज्याच्या हातात कागद असतो त्याचे डोळे उघडले का, हे वेगळे. क्रमांक टाकून कागद खरा की खोटा ते कोणालाही तपासता येते. नोंदणीच्या दस्ताचे ते काम दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते. पण बेळगावच्या गल्लीगल्लीत होणारे भाडेकरार अकरा महिन्यांचे असतात, ते नोंदवण्याची सक्ती नाही, आणि त्यांच्यावरचा क्रमांक घरमालक तपासत नाही, भाडेकरूही तपासत नाही.